कोळी हा शेतकरी आहे काय?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात खारदांडा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न पडला. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आत्ताच झाला. वयोवृद्ध नाखव्यांस शालजोडी देण्याचा समारंभही यथासांग पार पडला. अशा मंगलप्रसंगी रुक्ष विषय काढणे शिष्टाचारास धरून नाही, हे आम्ही जाणतो. परंतु वर्षातून एकदाच सर्व घरची माणसे एका मांडवाखाली येतात, आणि जे सांगावयाचे ते आज सांगितले नाही तर पुढील शिमग्यापर्यंत ते राहून जाते. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

ता. २२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषिक्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ही वार्ता वर्तमानपत्रांत आली त्या दिवशी आपल्या वाडीत आनंद झाला, आणि तो होणे स्वाभाविक होते. त्याच दिवशी सायंकाळी किनाऱ्यावर जाळे सांधीत बसलेल्या एका वृद्ध नाखव्यांस आम्ही ही बातमी वाचून दाखविली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, सुतळीस गाठ मारली आणि विचारले, "मग आजवर आम्ही कोण होतो?" या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे ते उत्तर शोधण्याचाच यत्न होय.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. आपल्या गावाच्या नावातच जमीन आणि पाणी एकत्र नांदतात. ज्या जमिनीवर भरतीचे पाणी चढते, तिला आपण खार म्हणतो. अशा जमिनीस मातीचा बांध घालून, पावसाच्या पाण्याने तिचे मीठ धुऊन काढून, त्यात भात पिकविण्याची विद्या उत्तर कोकणातील लोकांस फार जुनी अवगत आहे. अशा बांधबंदिस्तीच्या जमिनींस शिलोत्री हे नाव होते. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी ज्याची, त्याचा त्या जमिनीवर विशेष अधिकार. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदाच केला. सांगण्याचा हेतू असा की, समुद्राशी झगडून अन्न काढणे हा येथे केवळ होडीवाल्यांचा धंदा नव्हता. बांधावर उभा असलेला कुणबी, आगरी आणि पाण्यावरचा कोळी हे एकाच भरती-ओहोटीचे पंचांग पाहणारे शेजारी होते.

आज खार म्हटले की उंच इमारती आणि झगमगणारी दुकाने डोळ्यांपुढे येतात. परंतु खारचे रेल्वे स्थानक सुरू झाले ते १९२४ साली. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही काही काळ, येथून सांताक्रूझपर्यंतच्या पट्ट्यात भातखाचरे आणि ताडामाडांच्या वाड्या होत्या. १९५० साली हा भाग बृहन्मुंबईत आला आणि शेताची खाचरे एकामागून एक प्लॉट झाली. शेजारचा शेतकरी गेला. कोणी जमीन विकून गेला, कोणाची संपादनात गेली. आम्ही मात्र राहिलो, कारण आमचे शेत प्लॉट पाडून विकता येण्याजोगे नव्हते. याचा आम्हांस कधी कधी अभिमान वाटतो. पण खरे सांगावयाचे तर त्यात आमचा पराक्रम थोडा आणि समुद्राचा स्वभाव अधिक.

त्या शेजाऱ्याशी आमचा व्यवहार कसा होता, हे आजच्या तरुणांस सांगितले पाहिजे. आगोट जवळ आली की आमच्या आजीसारख्या बाया सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या यांच्या पाट्या घेऊन आतल्या गावांत जात आणि तांदूळ घेऊन येत. पावसाळ्याचे चार महिने त्यांचे कालवण आमच्या घरचे आणि आमचा भात त्यांच्या घरचा. मासळीचा जो भाग खाण्याच्या उपयोगाचा नसे, तो कुजवून खत म्हणून माडांस आणि खाचरांस जाई. अर्थशास्त्रज्ञ याला काय म्हणतील ते म्हणोत. आमच्या मते ती एकाच शेतीची दोन खाचरे होती, एक गोड्या पाण्याचे आणि एक खाऱ्या.

आता आमच्या खाचराचे वर्णन करतो. आपणांपैकी पुष्कळांस ते ठाऊक आहे. परंतु हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे आणि ती वाचणाऱ्या आमच्या नातवंडांनी डोल पाण्यात उतरताना पाहिली असेलच असे नाही.

डोल म्हणजे एक लांबलचक पिशवी. तोंडाशी आसे मोठे आणि शेपटाकडे ते बारीक होत जातात. समुद्राच्या तळात खुंट रोवून त्यांस ही पिशवी बांधावयाची, तोंड प्रवाहाकडे करावयाचे आणि वाट पाहावयाची. मासळीच्या मागे धावणे या पद्धतीत नाही. पाणीच मासळी घेऊन येते. प्रवाह उलटण्यापूर्वी, पाणी क्षणभर थबकते त्या वेळी, डोल उचलावी लागते. ती वेळ चुकली तर पीकही गेले आणि प्रसंगी जाळेही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे, प्रवाहास जोर असतो आणि डोल भरते; अष्टमीच्या सुमारास भांग पडला की पाणी मंदावते आणि खलाशी जाळी दुरुस्त करीत बसतात. आमचे आजोबा शाळेत गेले नव्हते, तरी भरतीची वेळ काढण्यास त्यांस कोणतेही कोष्टक लागत नसे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरची भरती अजमासाने किती वाजता, ते निघते. अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. ही गोष्ट आम्ही पदवीधर झाल्यावर छापील भरतीपत्रकाशी ताडून पाहिली आणि मनातल्या मनात आजोबांची क्षमा मागितली.

खुंटांविषयी एक महत्त्वाची बाब आहे, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. खुंट कोठेही मारता येत नाही. तळ कसा आहे, प्रवाह कोणत्या दिशेने येतो, शेजारच्या डोलीचे पाणी अडत नाही ना, हे सारे पाहून जागा ठरते, आणि एकदा ठरलेली जागा त्या घराण्याची म्हणून पिढ्यान्पिढ्या चालते. भाऊ वेगळे झाले की भांड्यांप्रमाणे खुंटांचीही वाटणी होते. दुसऱ्याच्या जागी खुंट मारला तर गावपंचायत बसते. या जागांचा कागद कोणाकडेही नाही. किनाऱ्यावरील डोंगर, देऊळ, एखादे उंच झाड यांच्या सरळ रेषा धरून माणसे भर समुद्रात आपली जागा ओळखीत आली. म्हणजे शेत आहे, शेताची हद्द आहे, हद्दीवरून होणारे भांडणही आहे. नाही तो फक्त सातबारा.

या सातबाऱ्यावरून आमच्या घरी घडलेला प्रसंग सांगतो. वादळात आमच्या होडीचा नाळेकडचा भाग फुटला. दुरुस्तीस कर्ज हवे म्हणून आमचे वडील आम्हांस बरोबर घेऊन एका बँकेत गेले. बँकेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील गृहस्थ सभ्य होते. त्यांनी बसावयास सांगितले, पाणी दिले आणि विचारले, "सातबारा आणला आहे का?" वडिलांनी होडीचे नोंदणीपत्र पुढे केले. ते उलटसुलट पाहून गृहस्थ म्हणाले, "जमीन जागेवर राहते हो, ही वस्तू उद्या बुडाली तर आम्ही काय जप्त करावे?" वडिलांनी त्यावर काही उत्तर केले नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. उरलेली रक्कम मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेतली, आणि ती फिटेपर्यंत दोन हंगाम मासळी त्याच्याच वजनाने आणि त्याच्याच भावाने घालावी लागली. त्या गृहस्थांचा प्रश्न चुकीचा होता असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या फॉर्मावर जो रकाना होता तो त्यांनी विचारला. आमचे दुःख एवढेच की, त्या फॉर्मावर आमच्यासाठी रकाना नव्हता.

तो रकाना आता येऊ लागला आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांस लागू करण्याचे जाहीर झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पात या कार्डावरील सवलतीच्या व्याजाच्या कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली, आणि तीत शेतकऱ्यांबरोबर मच्छीमारांचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यापाठोपाठ राज्याचा कृषिदर्जाचा निर्णय आला. कृषीच्या दराने वीज, कृषीच्या दराने कर्ज, विमा, सौरऊर्जेचे साहाय्य असे लाभ त्यात सांगितले आहेत. बाहेरच्या जगातही विचार याच दिशेने चालला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचे दशक म्हणून जाहीर केले. त्यांच्या अन्न व कृषी संघटनेने कौटुंबिक शेतीची जी व्याख्या केली आहे, तीत नांगर चालविणाऱ्याबरोबर गुरे राखणारा आणि मासे पकडणाराही येतो. कसोटी एवढीच की व्यवसाय कुटुंबाने चालवावा आणि श्रम मुख्यतः घरच्या स्त्रीपुरुषांचे असावेत. या कसोटीस आपला कोळीवाडा जितका उतरतो, तितकी क्वचितच दुसरी वस्ती उतरेल.

तरीही आम्ही सावधपणे आनंद करावा असे सुचवितो. विजेची सवलत तळ्यात मासे वाढविणाऱ्यास, बर्फाच्या कारखान्यास, बीज केंद्रास उपयोगी आहे. आमची होडी विजेवर चालत नाही, ती डिझेलवर चालते, आणि डिझेलवरील कराचा परतावा मिळविण्यासाठी सोसायट्यांच्या चिटणिसांस किती खेटे घालावे लागतात, हे या मांडवात बसलेल्या चिटणिसांस विचारावे. शेताचे पीक बुडाले तर तलाठी येतो आणि पंचनामा करतो. समुद्रातील न आलेल्या मासळीचा पंचनामा कसा करावयाचा? २०१९ साली ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळे पाठोपाठ आली. ऐन हंगामात होड्या किनाऱ्यावर बसून राहिल्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले, तेव्हा फुटलेल्या होड्या दिसल्या आणि मोजता आल्या; परंतु बुडालेले दिवस कोण मोजणार? दर्जा कृषीचा आणि मोजमाप मात्र जमिनीचे, अशी अवस्था राहिली तर त्या नाखव्यांचा प्रश्न होता तेथेच राहील.

आणि या मोजमापातून सर्वांत अधिक निसटते ती आमची स्त्री. होडीचे नोंदणीपत्र पुरुषाच्या नावाचे, परवाना त्याच्या नावाचा, सोसायटीचे सभासदत्व बहुधा त्याचेच. परंतु मासळी किनाऱ्यास लागल्यापासून तिचा पैसा होईपर्यंतचे सारे काम स्त्रीचे. निवडणे तिचे, जोडीजोडीने बोंबील वलांडीवर घालणे तिचे, ऐन दुपारी आभाळ आले तर धावत जाऊन ते काढणे तिचे. पहाटेच्या काळोखात ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर लिलावास उभे राहणे, पाटी घेऊन लोकलच्या सामानाच्या डब्यातून परत येणे आणि दारोदार अगर बाजारात विकणे हेही तिचेच. ओहोटीला खडपावर जाऊन कालवे फोडणाऱ्या आणि चिंबोऱ्या धरणाऱ्या बाया तर कोणत्याच यादीत नाहीत. त्यांना होडी लागत नाही म्हणून त्या मच्छीमार नाहीत, असे एखाद्या कारकुनास वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? आम्हीच तरी घरी त्यांना कधी मच्छीमार म्हटले आहे?

आमची आजी बांद्र्याहून पार्ल्यापर्यंत पाटी घेऊन फिरत असे. तिला अक्षरओळख नव्हती. गिऱ्हाइकांची उधारी ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने मांडी. उभी रेघ म्हणजे रुपया, आडवी म्हणजे आठ आणे, आणि प्रत्येक घरासाठी एक खूण: कोणाचे फाटक, कोणाचा कुत्रा, कोणाच्या दारातला चाफा. दिवाळीला घर सारवावयाचे म्हटले की ती भिंत मात्र सोडावी लागे. तिच्या त्या खातेवहीवर आमचे शिक्षण झाले आहे.

आता थोडे कटू बोलतो. ज्येष्ठांनी राग मानू नये. आम्ही स्वतःस शेतकरी म्हणवितो, तर शेतकऱ्याचा एक धर्म आम्हांसही पाळला पाहिजे. कितीही ओढगस्त झाली तरी शहाणा शेतकरी बियाण्याची कणगी फोडत नाही. आम्ही काय करतो? डोलीच्या शेपटास इतके बारीक आसे लावतो की नखाएवढे पापलेट त्यातून सुटत नाही. २०२३ साली शासनाने पापलेटास राज्यमासा केले, त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीस किमान लांबीचे बंधनही घातले. यावर आमच्यातील पुष्कळांनी म्हटले, "पर्ससीनवाले आणि एलईडीचे दिवे लावणारे समुद्र खरवडून नेतात, त्यांना आधी धरा." हे म्हणणे खोटे नाही. मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी जो संहार होतो त्याच्यापुढे आमची डोल म्हणजे काय? परंतु शेजाऱ्याने कणगी लुटली म्हणून उरलेले बियाणे आपण भाजून खावे, हा न्याय आम्हांस पटत नाही. आमचे पूर्वज नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटीत नसत. आज कायद्याची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे, आणि १ ऑगस्टच्या पहाटे कोण आधी सुटतो याची आमच्यातच चढाओढ लागते. नारळ मात्र आम्ही मागाहून, वाजतगाजत, समुद्रास अर्पण करतो! समुद्रदेव दयाळू आहे, म्हणून तो नारळ परत फेकीत नाही.

आता ज्या कारणासाठी हे सारे सांगितले, त्याकडे येतो. आपल्या समोरच्या पाण्यात वर्सोवा ते वांद्रे सागरी सेतूचे काम चालू आहे. किनाऱ्यापासून सुमारे ९०० मीटरवरून तो जाणार. शहरास रस्ता नको, असे आम्ही म्हणत नाही. आमची मुलेही त्या रस्त्याने जातील. परंतु जेथे खांब उभा राहतो तेथील प्रवाह बदलतो, आणि ज्याची शेतीच प्रवाहावर आहे त्याला प्रवाह बदलणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. आपण, चिंबईच्या आणि जुहूच्या बांधवांनी हरकती घेतल्या. हरकतीच्या वेळी प्रत्येकाला विचारणा होते ती एकच: तुमचे क्षेत्र कोणते, ते दाखवा. वरळीच्या बांधवांचे उदाहरण येथे ध्यानात धरण्याजोगे आहे. त्यांच्या तोंडाशी किनारी मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरचे अंतर ठेवले होते. त्यांनी आपल्या होड्यांच्या वाटा दाखविल्या, वर्षानुवर्षे तंटा केला, काम थांबविले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब गाळून ते अंतर १२० मीटर करण्याचे महापालिकेस मान्य करावे लागले. त्यांनी मागितले होते त्याहून हे कमी आहे. तरी मागणाऱ्याने आपली वाट नकाशावर दाखविली म्हणूनच ते मिळाले.

जमिनीवरचीही तीच कथा. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची, १९८१ च्या विकास आराखड्यावरून अगर शासकीय दप्तरावरून, मोजणी करून नकाशे करावेत असे लिहिले होते. तेव्हापासून सीमांकनाची चर्चा आम्ही ऐकत आहो. सीमांकन म्हणजे केवळ घरांची हद्द नव्हे. जाळी वाळविण्याचे मैदान, वलांडीची जागा, होड्या ओढण्याची वाळू, हे सर्व त्यात आले नाही, तर घरे राहतील आणि धंदा जाईल. कागदावर मोकळी दिसणारी जागा ही आमच्या वापराची आहे, हे बाहेरच्या माणसास दिसत नाही. दुपारी जाळी उचलली की तेथे मैदानच दिसते! आणि आमच्यातील काही जण त्याच जागेवर स्वतःच खोल्या बांधून भाड्याने देतात, हेही या मांडवात सांगितलेच पाहिजे. त्या खोलीचे भाडे घरात येते, याची आम्हांस जाणीव आहे; ज्या घरात होडी उरली नाही त्या घरास दुसरे उत्पन्न कोणते, हेही कळते. तरी वलांडीची जागा गेली की शेजारणीचे बोंबील कोठे सुकणार, याचा विचार भाडे मोजताना करावा.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या संमतीने आम्ही एक काम हाती घेतले आहे. एक मोठी वही केली आहे. तीत घरोघरीच्या होड्या, जाळी, खुंटांच्या जागा, वलांडीच्या आणि जाळी वाळविण्याच्या जागा लिहावयाच्या आहेत. आपल्यातील दोन पदवीधर तरुण मोबाइल यंत्र घेऊन होडीवर येतील आणि नाखवा जेथे बोट दाखवील तेथील अक्षांश-रेखांश टिपून घेतील. ज्यांचे खुंट आज निघाले आहेत त्यांनीही जुन्या जागा सांगाव्या. दोन घरांत जागेविषयी वाद असेल तर दोघांचेही म्हणणे लिहून घ्यावे, निवाडा तूर्त करू नये. या वहीस सरकारदरबारी लगेच मान आहे असे नाही. परंतु उद्या कोणी अधिकारी नकाशा पसरून बसला, तर त्याच्यापुढे ठेवण्यास आपल्याजवळ काही असेल.

वहीत प्रत्येक कुटुंबास एक पान आहे आणि त्या पानावर दोन रकाने आहेत. पहिला समुद्रावर जाणाऱ्याचा, दुसरा मासळी विकणारीचा किंवा सुकविणारीचा. दुसरा रकाना रिकामा ठेवून पान परत आले तर ते स्वीकारू नये, असे चिटणिसांस सांगितले आहे. गेल्या पंधरवड्यात काही घरे फिरून झाली. एका घरी आजीबाईंस नाव विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे कशाला? लेकाचे लिही." आम्ही म्हटले, "आजी, तुमचेच हवे." त्यांनी नाव सांगितले, आणि मग वहीत ते कसे दिसते ते दाखवावयास सांगितले. बराच वेळ त्या अक्षरांवर बोट फिरवीत बसल्या.

मांडवाच्या उजव्या बाजूस, पाण्याच्या पिंपाशेजारी, ती वही ठेवली आहे. भोजनास अद्याप अर्धा तास अवकाश आहे.